'के'चा 'ख' होतो तेव्हा

स्कॅनरनं बीप केलं, लाल रेघ विझली आणि पडद्यावरच्या चौकटीत 'ख' उमटला. ख आणि पुढं चार देवनागरी आकडे. पुस्तकाच्या आतल्या पानावरच्या पट्टीवर मात्र स्वच्छ छापलेलं होतं: इंग्रजी मोठा 'के' आणि 4127. चौकटीखाली लाल अक्षरांत संदेश आला, या क्रमांकाचं पुस्तक नाही. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, संध्याकाळचे सहा, समोर दोन सभासद उभे, त्यातल्या एकाच्या हातात दुधाची पिशवी. देवघेवीला बसलेल्या ताईंनी पुस्तक पुन्हा स्कॅनरखाली धरलं. पुन्हा बीप, पुन्हा ख. मग त्यांनी जे केलं ते कुणाही समंजस माणसानं केलं असतं. पुस्तक हातात आहे आणि संगणक नाही म्हणतो, तेव्हा नोंदच राहून गेली असणार, असं धरून त्यांनी ते नव्यानं नोंदवलं. नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. बारकोडच्या रकान्यात पुन्हा स्कॅनर चालवला, तिथंही ख बसला आणि संगणकानं तो मुकाट्यानं घेतला. पुस्तक दिलं गेलं, रांग हलली, दूध घरी गेलं. एका पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या, एक केची आणि एक खची, आणि हे कळायला पुढची ग्रंथगणना यावी लागली.

यात चुकलं कोण, हे शोधायला बसलं की कुणीच हाती लागत नाही. स्कॅनर ठीक होता. स्कॅनर म्हणजे तरी काय, बोटं नसलेला कीबोर्ड. पट्टीवरच्या रेघा वाचतो आणि त्या त्या कळा दाबल्याचं संगणकाला कळवतो, शेवटी एन्टर मारतो. त्या कळांचं अक्षर कोणतं करायचं, हे संगणक ठरवतो. पाचच मिनिटं आधी ताईंनी एका नव्या पुस्तकाचं नाव मराठीत टाइप केलं होतं, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत, झरझर. कीबोर्ड मराठीवरच राहिला. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी केच्या कळेवर क असतो आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. स्कॅनरनं इमानानं शिफ्ट आणि के दाबलं, संगणकानं इमानानं ख काढला. आकडे देवनागरी आले ते त्या यंत्रावर बसवलेल्या मराठी कीबोर्डमुळे, दुसरा एखादा बसवलेला असता तर आकडे इंग्रजीच राहिले असते आणि गोंधळ आणखी फसवा झाला असता. ताईंचं मराठी टायपिंगचं प्रशिक्षण झालेलं होतं. देवघेवीच्या सॉफ्टवेअरचंही झालेलं होतं. दोन्ही विषय त्यांना चांगले येत होते. मात्र दोन प्रशिक्षणं दोन वेगळ्या दिवशी झाली, दोन वेगळ्या माणसांनी घेतली, आणि मधल्या सांध्यावर कुणी बोटच ठेवलं नाही.

नळ गळतो तो सांध्यावरच.

महाराष्ट्रात 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. अ, ब, क, ड अशी त्यांची वर्गवारी. ड वर्गात बहुतेक ठिकाणी एकच माणूस: तोच ग्रंथपाल, तोच निर्गम सहाय्यक, वर्तमानपत्रं दांडीला लावणाराही तोच. या माणसाला संगणक शिकवायचा म्हणजे काय, याचा विचार ज्या टेबलावर होतो, तिथं एक ठरलेलं चित्र असतं. जिल्ह्याच्या गावी सभागृह, मागं फ्लेक्स, दोन दिवस, प्रोजेक्टरवर पावणेदोनशे स्लाइड, अकराचा चहा आणि शेवटी प्रमाणपत्र. शिकवणारा पडद्यावर भराभर क्लिक करत जातो. त्याच्या यंत्रावर विदा, म्हणजे डेटा, आधीच भरलेली, नियम आधीच लावलेले, इंटरनेट जोरदार. बसलेले लोक वहीत लिहून घेतात: 'डावीकडून तिसरं बटण'. पुढच्या आवृत्तीत ते बटण उजवीकडं जातं. परत आल्यावर वही उघडली जाते, बटण सापडत नाही, वही बंद होते. अशा वह्या बऱ्याच कपाटांत आहेत, पहिली चार पानं भरलेली, पुढं कोऱ्या.

या मंडळींना तंत्रज्ञान जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी दाखल नोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची वही, एकदा हातात घेऊन पाहावी. कापडी पुठ्ठ्याची, उघडली की जुन्या खळीचा आणि धुळीचा वास नाकात जातो. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, वर्गांक, शेरा. एक ओळ म्हणजे एक प्रत. खोडाखोड चालत नाही. चूक झाली तर तांबड्या शाईनं रेघ, शेजारी दुरुस्ती आणि सही. पन्नास वर्षांपूर्वी कुणी कधी काय चुकलं, ते आजही त्या पानावर दिसतं. अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला, एक बटण दाबलं की आधीचं नाहीसं होतं आणि मागमूसही राहत नाही, हे यंत्र भीतिदायक वाटणारच. ही भीती मला अडाणीपणाची वाटत नाही. ती हिशेबी माणसाची भीती आहे. तिचा उपाय 'घाबरू नका हो' असं म्हणणं हा नव्हे. सरावाची वेगळी प्रत उभी करायची, तिच्यात वाचनालयाचीच दोन-तीनशे पुस्तकं आणि खोटे सभासद भरायचे, आणि पहिल्या दिवशी सांगायचं की आज हे बिघडवून दाखवा. जो सगळ्यात मोठी मोडतोड करेल त्याला पहिला चहा.

मार्क, म्हणजे संगणकातल्या ग्रंथनोंदीचा ठरीव साचा, त्याचे रकाने शिकवतानाही नोंदवहीच कामाला येते. 020, 082, 100, 245, 260 हे आकडे स्लाइडवर बघितले की डोळे मिटायला लागतात. तेच नोंदवहीचं पान टेबलावर उघडं ठेवून, लेखकाच्या रकान्यावर पेन्सिलीनं 100 लिहिलं, ग्रंथनामावर 245, प्रकाशकावर 260, वर्गांकावर 082, की वीस मिनिटांत काम होतं. कारण नवीन काही नाहीच, जुन्याच रकान्यांना नंबर दिलेत. लेखकाच्या नावाचंही तसंच. वि. वा. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, चिं. त्र्यं. खानोलकर आणि आरती प्रभू, ही एकेकच माणसं, हे संगणकाला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर शोधणाऱ्याला कविता एकीकडं मिळतात आणि नाटकं दुसरीकडं. सॉफ्टवेअरमध्ये याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. जुन्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांच्या सूचीत, याला 'पाहा' कार्ड म्हणत. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं कार्ड, खाली सळईसाठी भोक, त्यावर 'कुसुमाग्रज – पाहा – शिरवाडकर'. ज्यांनी अशी कार्डं हातानं लिहिली, त्यांना तो धडा शिकवायला जाणारा माणूस बहुधा स्वतःच शिकून परत येतो.

मराठीची खरी गंमत मात्र अक्षरांच्या आत आहे, आणि तिथं प्रशिक्षणवाले हमखास घाईत असतात. 'युनिकोडमध्ये टाइप करा' एवढं सांगून पुढं जातात. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. का करायचं, ते दाखवायला एक फाइल पुरते. जुन्या कृतीदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला की संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं जाऊन बसतात. वर फॉन्टचा मुखवटा असतो म्हणून आपल्याला मराठी दिसतं. मुखवटा काढला, म्हणजे फॉन्ट बदलला, की खालचा चेहरा उघडा. हे सगळ्यांसमोर करून दाखवायचं. खोलीत एक हलकासा आवाज येतो, कारण तिथल्या निम्म्या लोकांनी पुस्तकांच्या याद्या वर्षानुवर्षं अशाच केलेल्या असतात. त्या फुकट जात नाहीत, रूपांतर होतं. पण रूपांतर केलेली यादी न तपासता चढवली तर पस्तावायची वेळ येते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक शब्दात ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की त्याचा पाय घसरतो. म्हणून तपासताना सगळी यादी वाचत बसायचं नाही. वेलांटी, रफार आणि क्ष, ज्ञ, त्र असलेले शब्द आधी बघायचे. वाळवी असते ती तिथंच.

आणि मग ते शब्द, जे दिसतात एक आणि असतात दोन. 'दुःख' विसर्गानं लिहिलेलं आणि 'दु:ख' दोन टिंबांच्या विरामचिन्हानं लिहिलेलं, छापलं की जवळजवळ सारखं. शोध घेताना मात्र एक सापडतं, दुसरं नाही. इन्स्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट आणि वजाच्या कळीवर आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून हात सवयीनं दोन टिंबांकडं जातो. 'कादंबऱ्या'मधला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साधा र आणि त्यामागं एक न दिसणारी खूण. 'ॲ'चंही तेच, एक अख्खं अक्षर, किंवा अ आणि वर चंद्र. इथं योग्य काय यावर विद्वानांनी भांडावं. वाचनालयानं एक तऱ्हा ठरवावी, ती कागदावर लिहून संगणकाशेजारी लावावी, आणि पाळावी. पु आणि ल यांच्यामध्ये टिंबानंतर जागा सोडायची की नाही, हेही त्याच कागदावर. हा कागद मला कुठल्याही माहितीपुस्तिकेपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो त्या टेबलावर बसणाऱ्यांनी आपसात वाद घालून केलेला असतो.

जुन्या पुस्तकांवर शके असतं, ती आणखी एक खोड. शके 1845 छापलेलं पुस्तक इसवी सन 1923-24चं. टाइप करणाऱ्यानं दिसलं ते लिहिलं, 1845, आणि चार आकडी वर्ष म्हटल्यावर सॉफ्टवेअरही खूश. पुस्तक एका क्षणात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारं होतं आणि दुर्मिळांच्या यादीत जाऊन बसतं. असल्या चुका यंत्र पकडत नाही. ज्याला शके म्हणजे काय ते ठाऊक आहे तोच पकडतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा वर्गात मागच्या रांगेत 'मला काही येत नाही' म्हणत बसलेला असतो.

बारकोडच्या पट्ट्या हा वरवर हमाली कामाचा भाग, पण निम्मं यश तिथं आहे. ए-फोर आकाराचे चिकट कागद मिळतात, एका कागदावर 65 पट्ट्या, प्रत्येक साधारण 38 बाय 21 मिलिमीटर. छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'कागदाच्या मापात बसवा' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. तो तसाच राहिला की छपाई दोन-तीन टक्क्यांनी आक्रसते. पहिल्या ओळीत फरक कळतही नाही. तेराव्या ओळीपर्यंत येता येता रेघा पट्टीच्या काठावर चढतात आणि कात्रीत जातात. बारकोडच्या दोन्ही बाजूंना पांढरी कोरी जागा लागते, ती कापली गेली की स्कॅनर आंधळा. म्हणून मूळ माप, शंभर टक्के, आणि पहिली छपाई साध्या कागदावर. तो कागद चिकट कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या उजेडात धरायचे, चौकटीत रेघा बसतात का बघायचं, मगच महागडा कागद आत घालायचा. इंकजेटची शाई दमट हातानं पसरते, लेझरची टिकते. एक पट्टी आत ग्रंथनामाच्या पानावर, एक बाहेर. बाहेरचीवर पारदर्शक टेप लावायचा मोह होतो. कोकणात दोन पावसाळ्यांत तो टेप पिवळा पडून कडेनं सुटतो आणि धूळ आत घेतो. पुस्तकाच्या मागं छापलेला आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, बारकोड तयार असताना आपला वेगळा कशाला, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो चांगला प्रश्न आहे. आयएसबीएन पुस्तकाचा असतो, प्रतीचा नसतो. तीन प्रती असतील तर तिघींचा एकच. कोणती प्रत कुणाकडं, हे दाखल क्रमांकच सांगू शकतो. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन असतो कुठं?

एक्सेलबद्दल फार बोलत नाही, त्यानं पोळला नाही असा कुणी नाही. आयएसबीएनचे तेरा आकडे साध्या रकान्यात टाकले की 9.78 आणि पुढं ई अधिक 12 असं काहीतरी दिसतं, आणि त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, म्हणून जपली की शेवटचे आकडे कायमचे जातात. 00412 मधली पुढची शून्यं गिळली जातात. उपाय एकच, काहीही चिकटवण्याआधी सगळे रकाने 'मजकूर' करून घ्यायचे. आणि जपताना यूटीएफ-8 असं लिहिलेला सीएसव्हीचा पर्याय निवडायचा. साधा निवडला तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा लागतात. त्या रांगांतून मराठी परत काढता येत नाही.

हे सगळं दोन दिवसांत शिकवता येत नाही, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखलेलं आहे. अमेरिकेत शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी 2006 साली कर्मचाऱ्यांसाठी '23 थिंग्ज' नावाचा उपक्रम केला. तेवीस छोटी छोटी कामं, नऊ आठवडे, आपापल्या वेगानं आणि आपापल्या खुर्चीत. पुरी करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर भेट. पुढं जगभरच्या ग्रंथालयांनी तो आराखडा उचलला. त्यातली कामं आज कालबाह्य झाली, आराखडा मात्र झाला नाही. आपल्याकडं तो उचलायचा तर मी कामं बदलून चुका ठेवीन. मंगळवारी वाचनालय उघडण्याआधी अर्धा तास, एका वेळी एकच चूक. आज दोन सारखे दिसणारे ऱ्या. पुढच्या मंगळवारी तिरकी छपाई. त्यापुढच्या मंगळवारी नवा सभासद केला पण पुस्तक जाईना, कारण त्या वर्गणीच्या प्रकाराला किती पुस्तकं, किती दिवस, हा नियमच भरलेला नाही. चूक आधी मुद्दाम करायची, पडदा काय म्हणतो ते मोठ्यानं वाचायचं, मग कारण शोधायचं. माउस जो सगळ्यात जास्त घाबरतो त्याच्या हातात. शिकवणाऱ्याचे हात पाठीमागं, कारण 'थांबा, मी करून देतो' या चार शब्दांनी जितकं प्रशिक्षण बुडालं असेल तितकं लोडशेडिंगनं नसेल बुडालं.

आणि तो अर्धा तास कामाच्या वेळेत धरायचा. ही गोष्ट बोलायला अवघड जाते, कारण ड वर्गाचं अनुदान वर्षाला हजारांत मोजायचं, तेही हप्त्यानं, आणि त्यातच माणसाचा पगार. अशा माणसाला 'घरी जाऊन सराव करा' म्हणणं सोपं आहे. वीस हजार पुस्तकांच्या वाचनालयात एका नोंदीला सहा मिनिटं धरली तरी दोन हजार तास होतात. रोज देवघेव सांभाळून दोन तास काढले तर हजार दिवस. म्हणून दाखल क्रमांक एकपासून सुरुवात करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक नंबरचं पुस्तक कपाटात वर झोपलेलं आहे, त्याला झोपू द्यावं. जे पुस्तक परत येतं, त्याची त्याच वेळी नोंद करावी, पट्टी लावावी, मग कपाटात. काही महिन्यांत, लोक जी पुस्तकं खरोखर वाचतात ती सगळी संगणकात आलेली असतात, आणि नोंद करणाऱ्याला आपल्या कामाचा उपयोग त्याच आठवड्यात दिसतो.

वीज जाते त्या दिवसासाठी एक साधी वही हवी, चार रकान्यांची: वेळ, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, दिलं की आलं. वीज आल्यावर त्याच क्रमानं भरायचं. क्रम मोडला आणि परत आलेलं पुस्तक नोंदवण्याआधी ते दुसऱ्याला दिल्याची नोंद केली, की संगणक हटून बसतो. बॅकअप शनिवारी पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवायचा नाही. महिन्यातून एकदा तो सरावाच्या प्रतीत चढवून बघायचा. उघडून न पाहिलेला बॅकअप आणि न फोडलेला नारळ, आत काय आहे ते कुणी सांगावं.

त्या ताईंकडं परत यायचं तर, 'मला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही' असं त्या आजही म्हणतात. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचे फोटो फोनवर जोडून, त्यावर मराठीत मजकूर टाकून, दहा मिनिटांत चार ग्रुपवर पाठवता पाठवता म्हणतात. खचं कोडं उलगडायला नोटपॅड पुरलं. नोटपॅड उघडलं, पट्टी स्कॅन केली, ख. खाली उजव्या कोपऱ्यातली भाषेची खूण बदलली, पुन्हा स्कॅन केली, के. त्यांनी ते स्वतः पाच-सहा वेळा करून पाहिलं, के, ख, के, ख, आणि मोठ्यानं हसल्या. मग शोधाच्या चौकटीत नुसता ख टाकून तशी जेवढी पुस्तकं निघाली ती एकेक करून दुरुस्त केली, आणि कोणती केली ते तांबड्या शाईनं एका कागदावर सहीनिशी लिहून ठेवलं.

स्कॅनरच्या स्टँडला आता एक जुनं तालिका कार्ड चिकटवलेलं आहे. खाली सळईचं भोक तसंच. छापील बाजू आत, कोऱ्या बाजूवर त्यांचं अक्षर: 'मराठी टाइप झालं की विंडोज आणि स्पेस. ख आला तर नवी नोंद करू नये.'